‘बंदीपूर्वीचा माल’ म्हणून विकलेले पाच मड टायर आणि माझे ७३,९०० रुपये

लिफ्ट केलेल्या, म्हणजे किट बसवून उंच केलेल्या गाडीसाठी मड टायर (चिखलासाठीचे मोठ्या ठोकळ्यांचे टायर) घेणाऱ्या प्रत्येकाने टायर रिमवर चढण्याआधी त्याच्या दोन्ही बाजू स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात. दुकानदार कितीही घाई करो, चहा मागवो किंवा ‘आत एसीत बसा’ म्हणो, तेथून हलू नये. जून २०२५ मध्ये पुण्यातील एका दुकानदाराने मला ‘नवे, परदेशी’ म्हणून जे पाच टायर विकले, ते झिजलेले होते. गरम पात्याने त्यांच्या खाचा पुन्हा कोरल्या होत्या आणि वरून काळे पॉलिश फासले होते. त्यांपैकी ज्या एकाच टायरवरचा तयार झाल्याचा आकडा शाबूत राहिला होता, तो २०१५ सालचा निघाला.

मी हौसेपायी बाजारात धावलेला माणूस नाही, हे आधीच सांगतो. भोर तालुक्यात आमची भाताची खाचरे आहेत आणि पावसाळ्यात शेवटचा टप्पा नुसता चिखलाचा असतो. गाडी थार, १६ इंची लोखंडी रिमची, तिला दोन इंचांचे लिफ्ट किट बसवलेले. लिफ्ट किटने गाडीची बॉडी वर जाते, पण मागचा अॅक्सल (चाकांना जोडणारा आडवा दांडा) आणि त्याच्या मध्यावरचे डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) जमिनीपासून होते तितक्याच उंचीवर राहतात. त्यांना वर उचलायचे तर टायरच मोठा लागतो आणि तेथेही टायरचा व्यास जितका वाढतो त्याच्या निम्मीच उंची मिळते. मूळचा २४५/७५ आर १६ (मिलिमीटरमध्ये रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची आणि इंचांत रिम) हा टायर सुमारे ७७४ मिलिमीटर व्यासाचा आहे, तर २६५/७५ आर १६ सुमारे ८०४ मिलिमीटरचा. म्हणजे डिफरन्शियलखाली १५ मिलिमीटर जागा वाढते आणि वेगाचा काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८३ च्या वेगाने धावत असते. हा सगळा हिशेब मी कागदावर मांडूनच दुकानात गेलो होतो. दुकानदाराने आधी २८५ रुंदीचा टायर गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला. त्याला अधिक रुंद रिम लागते, हे ठाऊक असल्याने मी नकार दिला. त्यामुळे ‘अभ्यास न करता खरेदी केली’ असे कोणी मला म्हणू नये.

व्यवहार असा झाला. एका टायरला १६,८०० रुपये, पाचांचे ८४,०००. फिटिंग, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून २,४००. माझे जुने पाच टायर प्रत्येकी २,५०० ने परत, म्हणजे १२,५०० वजा. एकूण ७३,९०० रुपये. त्यांपैकी २०,००० मी यूपीआयने आगाऊ दिले, ते दुकानाच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यात गेले, आणि उरलेले ५३,९०० रोख. पक्के बिल मी मागितले होते. ‘आठ दिवसांत येईल, सिस्टिम बंद आहे’ असे सांगून त्याने कच्ची पावती हातात ठेवली. तिच्यावर फक्त ‘एमटी टायर ५ नग’ (एमटी म्हणजे मड टेरेन) एवढेच लिहिलेले होते. माप नाही, कंपनी नाही, क्रमांक नाही. ज्या पावतीवर टायरचे माप आणि कंपनी लिहिलेली नसेल, ती घेऊन दुकानाबाहेर पडू नका.

इतर दोन दुकानांत याच मापाच्या मड टायरला पक्क्या बिलासह २१,५०० रुपये सांगितले होते. इतका फरक का, असे मी सरळ विचारले. त्याचे उत्तर मला आजही शब्दशः आठवते. ‘साहेब, हा बंदीपूर्वीचा माल आहे, तेव्हाच्या भावाने आलेला, म्हणून परवडतो. असे टायर आता बघायलाही मिळायचे नाहीत.’

याच वाक्याने मला रात्रीच्या रात्री झोप लागू दिलेली नाही. १२ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले. खरे तर ती बंदी नव्हती, आयातीला परवाना लागू केला होता, आणि ही गोष्ट मला चांगली माहीत होती. मग जून २०२५ मध्ये ‘बंदीपूर्वीचा माल’ म्हणजे कमीत कमी पाच वर्षांचा जुना टायर! दुकानदार स्वतःच्या तोंडाने टायरचे वय सांगत होता आणि मला त्यातून फक्त स्वस्ताईचे कारण ऐकू येत होते. पण यात नवल तरी काय? निर्बंध खरे, टंचाई खरी, भाव चढल्याचे खरे. खोट्या मालाभोवती त्याने सगळी खरी माहितीच रचली होती. अशा माणसासमोर कोणीही सावध माणूस फसेल, असे माझे आजही ठाम मत आहे.

दुसरी खूण टायर चढवताना दिसली होती. पाचही टायर पांढऱ्या अक्षरांची बाजू आत करून चढवले जात होते. विचारले तेव्हा ‘चिखलात अक्षरे मळतात, सगळे ऑफरोडवाले काळी बाजूच बाहेर ठेवतात’ असे उत्तर मिळाले. हेही खरेच आहे, अनेक जण तसेच बसवतात. परंतु ‘डीओटी’ने सुरू होणारा संपूर्ण क्रमांक पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि त्याच्या शेवटचे चार आकडे तयार झाल्याचा आठवडा व वर्ष सांगतात. ती बाजू गाडीखाली गेली की खाली झोपून टॉर्च मारल्याशिवाय ते आकडे दिसत नाहीत.

जुलैच्या पावसात बिंग फुटले. शेतात उतरताना हवा १८ पीएसआयपर्यंत कमी केली होती आणि मागच्या डाव्या टायरचा एक अख्खा ठोकळा मुळापासून उखडून निघाला. त्याआधीच वरंधा घाटाच्या ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी सरळ घसरत गेली होती. तेव्हा मी समजूत करून घेतली की मड टायर ओल्या डांबरावर असेच असतात. ठोकळ्यांमधल्या रुंद खाचांमुळे डांबराला टेकणारे रबर कमी असते, ही गोष्ट बरोबरच आहे. म्हणूनच ज्यांची गाडी बहुतेक वेळ महामार्गावर असते, त्यांनी मड टायरच्या नादी न लागता ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टायर घ्यावेत.

भोरच्या पंक्चरवाल्याने टायर उतरवून आतली बाजू दाखवली. चार टायरांवर आकड्यांची जागा घासून गुळगुळीत केली होती. पाचव्यावर ४७१५ शाबूत होते, म्हणजे २०१५ सालचा ४७ वा आठवडा. आयएसआयचे चिन्ह एकाही टायरवर नव्हते. खाचांच्या तळाशी झीज दाखवणाऱ्या ज्या आडव्या पट्ट्या असतात, त्या पात्याने कापल्या गेल्या होत्या आणि एका ठिकाणी तर आतला धागा दिसत होता. नवा टायर घेताना खाचेत बोट घालून या पट्ट्या शोधाव्यात. त्या अखंड नसतील तर टायर कोरलेला आहे. साइडवॉलवरचे (टायरच्या बाजूवरचे) रबराचे बारीक केस पाहून मात्र टायर नवा समजू नका, कारण ते वर्षानुवर्षे टिकतात. अनेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करण्याचा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी टायर काढून टाकण्याचा सल्ला देतात. मी साडेनऊ वर्षांच्या टायरांवर कुटुंबाला घेऊन घाट उतरत होतो.

जाब विचारला तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘या भावात नवे येतात का? वापरलेलेच दिले होते, तुम्हाला माहीत होते.’ कच्च्या पावतीवर ‘नवे’ असा शब्द नव्हता आणि त्याला नेमके तेच हवे होते.

त्यानंतर जे अनुभवले, ते फसवणुकीपेक्षाही जिव्हारी लागणारे होते. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी सांगण्यात आले की ही दिवाणी बाब आहे. दुसऱ्या वेळी पक्के बिल मागितले. बिल न देणे हाच तर फसवणुकीचा भाग आहे, हे समजावून सांगितले तेव्हा ‘मग तुम्ही घेतले कशाला’ असा प्रश्न आला. शेवटी एका अधिकाऱ्याने माझ्या गाडीभोवती फेरी मारली आणि लिफ्ट किटकडे बोट दाखवून ‘मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ माहीत आहे का, आधी तुमच्यावरच कारवाई होईल’ असे सुनावले. गाडीच्या रचनेत निर्मात्याच्या नोंदीबाहेर बदल करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलेले आहे, हे मला मान्य आहे. परंतु माझ्या गाडीला लिफ्ट किट आहे म्हणून मला कोणीही लुटावे, असे कोणत्या कलमात लिहिले आहे? असल्या दुकानदारांचा सगळा धंदाच या भीतीवर चालतो. बदल केलेल्या गाडीचा मालक तक्रारीला जाणार नाही, याची त्यांना खात्री असते आणि अधिकारी ती खात्री पक्की करतात. परिवहन कार्यालयात ‘आम्ही वाहने तपासतो, दुकाने नाही’ असे उत्तर मिळाले. बँकेने ‘पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत’ म्हणून हात झटकले. ग्राहकांसाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेने तक्रार नोंदवली, दुकानाकडे पाठवली आणि दुकानाने उत्तर दिले नाही म्हणून बंद केली! लोकांच्या जिवाशी खेळणारे टायर उघड विकले जात आहेत आणि एकाही कार्यालयाला ते आपले काम वाटत नाही, याचा संताप कोणापुढे व्यक्त करावा?

पोलीस तोंडी टोलवत असतील तर अर्ज लेखी द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. तरीही गुन्हा नोंदवला नाही तर तोच अर्ज वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे टपालाने पाठवा. मी आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. यूपीआयची नोंद, कच्ची पावती, पंक्चरवाल्याने काढलेले फोटो आणि दुकानदाराशी झालेले व्हॉट्सअॅपवरील बोलणे मी जोडले आहे. ‘टायर परत आणा, बघतो’ असा त्याचा निरोप दोनदा आला, पण मी टायर दिलेले नाहीत. पुरावा एकदा त्याच्या ताब्यात गेला की संपलाच.

पुण्यात गेल्या वर्षभरात ज्यांनी ‘बंदीपूर्वीचे’ म्हणून मड टायर घेतले असतील, त्यांनी आजच गाडीखाली वाकून आतल्या बाजूचे चार आकडे पाहावेत, फोटो काढावेत आणि मला कळवावे. एकाच दुकानाने फसवलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते आणि पाच-सहा जणांचे असेच टायर समोर ठेवले तर ‘वापरलेलेच दिले होते’ हे त्याचे उत्तर टिकणार नाही.