एमसीबी की आरसीसीबी?

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, वायर वाचवतो, माणूस नव्हे. 16 अँपिअरचा एमसीबी गिझरच्या 2.5 चौरस मिमी तांब्याच्या वायरीला जादा भारापासून सांभाळतो. अंगातून जाणारा 50 मिलिअँपिअरचा जीवघेणा करंट त्याला कळतच नाही. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, फेजमधून जाणाऱ्या आणि न्यूट्रलमधून परतणाऱ्या करंटमधला फरक ओळखतो, तो 30 मिलिअँपिअरला पोचेपर्यंत सर्किट तोडतो. जादा भार मात्र त्याला दिसत नाही, म्हणून दोन्ही हवेत.

गोव्याच्या पावसात चिऱ्याच्या भिंती ओलावल्या, विहिरीच्या पंपाची जोडणी भिजली की करंट गळतो आणि आरसीसीबी वारंवार पडतो. कृपा करून तो बायपास करू नका! सगळे एमसीबी पाडून एकेक चढवा, ज्याला आरसीसीबी पडेल ते गळतीचं सर्किट. सगळे एमसीबी बंद असूनही आरसीसीबी टिकत नसेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलेला असू शकतो. तिथे वायरमनच हवा. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.