पीएच.डी.साठी कोणता विभाग? आयआयटी मुंबईतील अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र संशोधनाची तुलना

इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेल्या आणि गेट या अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला पवईत पीएच.डी.साठी अर्ज करताना पुष्कळदा दोन वाटा मोकळ्या असतात. एक वाट उपकरणे, साहित्य आणि ऊर्जा यांच्या प्रयोगशाळांकडे जाते, तर दुसरी संगणकशास्त्राकडे. अशा वेळी बहुतेक जण दोन्हीकडच्या प्राध्यापकांच्या शोधनिबंधांची संख्या शेजारी शेजारी मांडतात आणि जिकडे आकडा मोठा तिकडे झुकतात. पाच वर्षांचा निर्णय या हिशेबावर घेऊ नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण दोन्हीकडे संशोधनाचे फळ वेगळ्या रूपात आणि वेगळ्या गतीने हाती येते.

अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांत महत्त्वाचे काम नियतकालिकात छापले जाते. संगणकशास्त्रात मात्र मानाची जागा परिषदेची असते. आयआयटी मुंबईत विकसित झालेली ‘बँक्स’ ही प्रणाली याचे चांगले उदाहरण आहे. डेटाबेसमध्ये साध्या शब्दांनी शोध घेता यावा, त्यासाठी क्वेरीची भाषा शिकावी लागू नये, ही तिच्यामागची कल्पना २००२ साली एका परिषदेतल्या निबंधातून जगापुढे आली आणि त्या विषयावर पुढे झालेल्या पुष्कळ कामाचा तो आधार ठरला. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात हे सांगणारा आकडा, मात्र फक्त नियतकालिकांनाच मिळतो. त्यामुळे केवळ तो आकडा पाहणाऱ्याला संगणकशास्त्रातील उत्तम काम दिसतच नाही.

परिषदेच्या या पद्धतीमुळे संशोधकाच्या दिवसांनाही एक ठरावीक लय येते. वर्षातल्या तीन-चार डेडलाइन आधीपासून माहीत असतात. त्या बहुधा पृथ्वीवर तो दिवस जिथे सर्वांत शेवटी मावळतो तिथल्या मध्यरात्रीच्या असतात, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या. त्या दुपारी विद्यार्थी एका तक्त्यातला शेवटचा आकडा भरण्यासाठी प्रयोग पुन्हा चालवत असतो आणि गाईड प्रस्तावनेतला पहिला परिच्छेद तिसऱ्यांदा बदलत असतात. निकाल काही महिन्यांत लागतो. मशीन लर्निंगच्या आघाडीच्या परिषदांत आलेल्या निबंधांपैकी साधारण चौथा हिस्साच स्वीकारला जातो. नकार आला तर निबंध सुधारून पुढच्या परिषदेला पाठवायचा. हा नकार पचवता येणे हा या वाटेवरचा मोठा गुण आहे, आणि अर्ज करण्यापूर्वी तो आपल्यात आहे का हे स्वतःला विचारायला हवे.

आता दुसरी बाजू पाहू. २०१० साली आयआयटी मुंबईत राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन आणि शिक्षण केंद्र सुरू झाले. तेथील संशोधकांनी राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या साथीने २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ साली देशभर फिरून प्रत्यक्ष वापरात असलेले सौर पॅनेल तपासले. पॅनेलसमोर उन्हात उभे राहून विद्युतधारा आणि विद्युतदाब मोजायचा, उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तापलेला सेल शोधायचा, काचेखालचा पारदर्शक थर तपकिरी पडला आहे का ते डोळ्यांनी पाहायचे आणि प्रत्येक नोंद लिहून ठेवायची, असे हे काम होते. उष्ण प्रदेशातल्या पॅनेलची क्षमता थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर घटते आणि छपरांवरच्या लहान संचांची अवस्था जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पांपेक्षा वाईट असते, हे त्यातून पुढे आले. अशा कामातून वर्षाला मोजकेच निबंध निघतात. पण आपल्या उन्हात, आपल्या धुळीत पॅनेल किती वर्षे टिकेल हे ठरवायला याच नोंदी लागतात आणि त्या परदेशातून आयात करता येत नाहीत.

जैवअभियांत्रिकीत तर काळ याहून लांबतो. रक्ताच्या कर्करोगावरील ‘नेक्सकार१९’ या उपचाराचे मूळ संशोधन आयआयटी मुंबईत आणि टाटा मेमोरियलमध्ये झाले आणि त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मंजुरी मिळाली. प्रयोगशाळेतील कल्पनेपासून तिथपर्यंत पोहोचायला सुमारे दशक लागले. एका पीएच.डी.च्या काळात अशा कामाचा आरंभ, मध्य किंवा शेवट यांपैकी एकच भाग वाट्याला येतो.

पेटंटचे आकडे मांडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, अल्गोरिदम किंवा निव्वळ संगणकीय आज्ञावली यांना पेटंट मिळत नाही. धातूचे नवे मिश्रण किंवा सेन्सरची नवी रचना यांना ही आडकाठी नाही. तेव्हा संगणकशास्त्र विभागाची पेटंटे कमी दिसली तर त्यावरून तिथे नवे काही घडत नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

कोणत्याच रकान्यात नीट न बसणारे कामही दोन्हीकडे आहे, आणि माझ्या मते संस्थेची खरी ओळख तिथेच होते. भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्राने हिंदी शब्दजाल आणि त्याच्या आधाराने मराठी शब्दजाल उभे केले. समानार्थी शब्दांचे गट आणि त्यांच्यातली नाती भाषेच्या जाणकारांनी एकेक करून नोंदवली. कोकणीचे असेच काम गोवा विद्यापीठात झाले. अभियांत्रिकीच्या बाजूला ‘प्रथम’ हा सुमारे १० किलोचा उपग्रह विद्यार्थ्यांनी २००७ साली हाती घेतला आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी तो पीएसएलव्ही-सी३५ मधून अवकाशात गेला. आधीच्या तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडत राहिल्या आणि पुढच्यांनी काम सोडले नाही.

एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शैक्षणिक संस्थांच्या क्रमवारीत अभियांत्रिकी गटात संशोधनाला ३० टक्के भार असतो आणि निबंधांची मोजणी मुख्यतः स्कोपस व वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या सूचींवरून होते. संस्था निवडायला ही क्रमवारी थोडी उपयोगी पडते. विभाग निवडायला मात्र ती कुचकामी आहे, कारण त्यातला आकडा सगळ्या विभागांचा मिळून असतो.

पैशांच्या बाबतीत फारसा फरक नाही. जानेवारी २०२३ पासून केंद्राचे विद्यावेतन पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे, मग विभाग कोणताही असो. फरक पडतो तो साधनांवरील अवलंबनात. संगणकशास्त्रात जीपीयू, म्हणजे मोठी गणने वेगाने करणाऱ्या चिप, कमी पडल्या तर काम मंदावते, पण वाचन, सिद्धता आणि लहान प्रयोग चालू राहतात. नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळमुक्त प्रयोगशाळेत, एक यंत्र बंद पडले की त्याच्यापुढचे सगळे टप्पे अडतात, आणि अर्धी प्रक्रिया झालेली वेफर, म्हणजे चिपसाठीची पातळ चकती, डब्यात ठेवून दुरुस्तीची वाट पाहावी लागते.

ज्याला दर काही महिन्यांनी आपले काम जगापुढे ठेवून त्याची परीक्षा करून घ्यावीशी वाटते आणि ज्याचे गणित पक्के आहे, त्याने संगणकशास्त्राला प्राधान्य द्यावे असे माझे मत आहे. ज्याला हाताने घडवलेली वस्तू मोजून पाहण्यात समाधान मिळते आणि वर्षभर निबंध आला नाही तरी जो अस्वस्थ होत नाही, त्याने अभियांत्रिकी विभागाकडे जावे. दोन्ही बाबतींत अर्ज भरण्यापूर्वी संभाव्य गाईडच्या हाताखाली गेल्या पाच-सहा वर्षांत पूर्ण झालेले प्रबंध ग्रंथालयाच्या संग्रहातून काढून पाहावेत. निबंधांवर विद्यार्थ्याचे नाव पहिले आहे की कुठेतरी मध्ये, प्रवेशापासून प्रबंध सादर होईपर्यंत किती वर्षे गेली आणि अर्ध्यात किती जण सोडून गेले, याची चौकशी करावी. शेवटचा प्रश्न गाईडना विचारण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवताना विचारावा, म्हणजे सविस्तर उत्तर मिळते.