गल्लीत फिरायला गिअरची सायकल की बिनगिअरची?

स्वस्तातली गिअरची सायकल दिसते रुबाबदार. पण तेवढ्याच पैशांत शॉकअप, डिस्क ब्रेक आणि 21 गिअर (पुढे 3 गुणिले मागे 7) बसवायचे म्हणजे एकेक भाग हलक्या प्रतीचाच येणार. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) जरा वाकला की चेन घसरते, गिअर आपोआप बदलतात. स्वस्त शॉकअप तर वजन वाढवतो आणि पॅडलचा जोरही खातो. बिनगिअरच्या सायकलीत बिघडण्यासारखं फारसं नसतंच. चेनला तेल, चाकात हवा, झालं! मडगार्ड, स्टँड, कॅरिअर बहुधा सोबतच मिळतात. चढावर मात्र ती दमवते. घराजवळ मोठा चढ असेल तर गिअरचीच घ्या, पण बिनशॉकअपची, मागे 6-7 गिअर असलेली. रस्ता सपाट असेल तर मी डोळे झाकून बिनगिअरची घेईन.