घराखालचं कोन्बिनी: साडेचार तारे

तोक्योत आमच्या इमारतीखालीच चोवीस तास उघडं असणारं कोन्बिनी, म्हणजे गरजेचं सगळं मिळणारं छोटं जपानी दुकान, आहे. विजेचं बिल भरा, बॅग परस्पर विमानतळावर पाठवा, मैफलीचं तिकीट काढा, सगळं एकाच काउंटरवर. माझा जीव मात्र ओनिगिरीच्या, म्हणजे सारण भरून वळलेल्या भाताच्या गोळ्याच्या, वेष्टनावर. १, २, ३ अशा आकड्यांच्या क्रमानेच प्लास्टिक ओढायचं. तोवर नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, पापुद्रा भाताला शिवलेलाच नसतो, म्हणून कुरकुरीत राहतो. क्रम चुकवलात तर अर्धी नोरी प्लास्टिकातच अडकते.

बिअर घेतली की काउंटरवरच्या पडद्यावर विचारणा होते: वय २० पूर्ण आहे ना? पांढऱ्याशुभ्र केसांच्या आजोबांनाही बटण दाबावंच लागतं. परवा एकांनी ते इतक्या ऐटीत दाबलं, की मला हसू आवरेना.

शाकाहारी मंडळींनो, जपून! आंबट उमेबोशीच्या (खारवलेल्या जपानी फळाच्या) ओनिगिरीतही माशाचा अर्क असू शकतो. वेष्टनामागची घटकांची यादी वाचाच. पिशवीला जुलै २०२० पासून पैसे पडतात. एवढ्याशा पुडिंगला चमचा हवा का, हे मात्र अत्यंत गांभीर्याने विचारतात.

अर्धा तारा कापला तो दार उघडताच वाजणाऱ्या धूनसाठी. दुसऱ्या मजल्यावर, रात्री दोनलाही ऐकू येते.