एस्टा : अर्ज सोपा, पण क्यूबा-इराकला जाऊन आला असाल तर आधी हे वाचा

ब्रिटिश, सिंगापुरी किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना अमेरिकेत 90 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. त्यासाठी निघण्याआधी ऑनलाइन काढायची परवानगी म्हणजे एस्टा. भारतीय पासपोर्टवर ही सोय नाही, आणि सोबत ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असल्याने पात्रतेत फरक पडत नाही.

अर्जाची रचना चांगली आहे. पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा फोटो चढवायचा, मग आईवडिलांची नावं, नोकरी, अडीअडचणीला संपर्क, अमेरिकेतला पत्ता. मोबाइल अ‍ॅप वापरलंत तर पासपोर्टमधली चिप फोनच वाचतो. चिप वाचली जात नसेल तर फोनचं जाड कव्हर काढा आणि फोन पासपोर्टवर स्थिर धरा. मंजुरी दोन वर्षं चालते, मात्र त्याआधी पासपोर्टची मुदत संपली तर तिथेच संपते. शुल्क 30 सप्टेंबर 2025 ला 21 डॉलरवरून 40 झालं होतं. मुलांनाही स्वतंत्र एस्टा लागतो, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला हा खर्च जाणवतो. शोधयंत्रात वरच दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स याहून बरेच जास्त पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह' असेल तरच पुढे जा.

आपल्या लोकांची गडबड होते ती नागरिकत्वाच्या प्रश्नांवर. दुसऱ्या देशाने कधी पासपोर्ट दिला होता का? इथे 'हो' म्हणून जुन्या भारतीय पासपोर्टचा क्रमांक द्यायचा. तो सरेंडर सर्टिफिकेटवर, म्हणजे भारतीय पासपोर्ट परत केल्याच्या दाखल्यावर सापडतो. पूर्वी दुसऱ्या देशाचे नागरिक होतात का? हो, भारताचे. आता आहात का? नाही, कारण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट क्रमांक भरताना शून्य आणि इंग्रजी 'ओ' नीट पाहा. पैसे भरल्यावर इमेल किंवा अमेरिकेतला पत्ता बदलता येतो, पासपोर्ट क्रमांक नाही. तो चुकला की नवा अर्ज आणि पुन्हा पूर्ण शुल्क.

खरी मेख मात्र प्रवासाच्या प्रश्नात आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये पॅरिसवर हल्ला करणाऱ्यांत सीरियाला जाऊन आलेले फ्रेंच आणि बेल्जियन नागरिक होते, म्हणजे व्हिसाशिवाय अमेरिका गाठू शकणारे पासपोर्टधारक. त्याच डिसेंबरात अमेरिकेने दहशतवाद्यांचा प्रवास रोखण्यासाठी व्हिसामाफीचा कायदा कडक केला. 1 मार्च 2011 नंतर इराण, इराक, सीरिया, सुदान, लीबिया, सोमालिया, येमेन किंवा उत्तर कोरियाला गेलेल्यांना एस्टा मिळत नाही. क्यूबासाठी ही तारीख 12 जानेवारी 2021 आहे. सैन्यात किंवा पूर्णवेळ सरकारी नोकरीत असताना कामासाठी गेलेल्यांना सूट आहे. पर्यटक आणि यात्रेकरूंना नाही.

धोका खराच होता. मे 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटातूनच इराकला गेले होते आणि पुढे इसिसमध्ये सामील झाल्याचं तपासयंत्रणांनी सांगितलं. पण या चाळणीची छिद्रं फार ढोबळ आहेत. इराकमधल्या करबलाच्या जियारतीला (तीर्थयात्रेला) गेलेल्या आजी आणि क्यूबातल्या वरादेरोच्या किनाऱ्यावर आठवडाभर सुट्टी घालवलेलं लंडनचं कुटुंब, दोघंही तिच्यात सारखेच अडकतात. त्याच कायद्यातलं आणखी एक कलम आम्हाला जास्त कामाचं वाटतं : हरवलेल्या किंवा चोरीच्या पासपोर्टची खबर व्हिसामाफीत सहभागी देशांनी 24 तासांत द्यायची. चोरलेल्या पासपोर्टावर फिरणारा माणूस त्यातून पकडला जातो, आणि सुट्टीवर गेलेल्या कुटुंबाला त्याचा काहीच त्रास नाही.

सेवेचा सर्वांत मोठा दोष म्हणजे नकार आला तर नेमकं कारण कळत नाही. 'प्रवासास मंजुरी नाही' एवढंच दिसतं. हातात चालू एस्टा असताना क्यूबाला जाऊन आलात तर जुन्या मंजुरीवर विसंबू नका. तुमचं उत्तर बदललं आहे, त्यामुळे व्हिसाच घ्यावा लागेल. प्रवास लपवायचा तर विचारही नको. खोटं उत्तर दिल्याचं उघड झालं तर कायमची प्रवेशबंदी येऊ शकते.

नकार म्हणजे अमेरिका बंद असं नाही. डीएस-160 हा ऑनलाइन व्हिसा अर्ज भरून 185 डॉलर शुल्काचा बी1/बी2, म्हणजे व्यवसाय किंवा पर्यटनासाठीचा व्हिसा मागता येतो, ब्रिटनमध्ये त्याच्या मुलाखती लंडन किंवा बेलफास्टला होतात. तिथे तुम्ही कुठे, कशासाठी गेला होतात हे माणसासमोर सांगता येतं, म्हणून यात्रेची किंवा हॉटेलची कागदपत्रं जवळ ठेवा. एस्टासाठी निघण्याआधी किमान 72 तास अर्ज करा असं सांगतात. वरच्या यादीतला एकही देश पाहिला असेल तर हा हिशेब धरू नका. मुलाखतीची तारीख मिळायला किती दिवस लागतात ते आधी पाहा आणि मगच विमानाचं तिकीट काढा.