मेणाच्या ब्लॉकमधून मायक्रोआरएनए काढायचं किट: माझं मत

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे जुने ब्लॉक (फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) उघडून मायक्रोआरएनए (जनुकांच्या कामावर ताबा ठेवणारे छोटे आरएनए) मोजायचे असतील तर हे कॉलमवालं, म्हणजे आरएनए गाळणीवर पकडणारं, किट जरूर घ्या. रक्ताच्या नमुन्यांसाठी मात्र घेऊ नका, माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असलं तरी.

पॅथॉलॉजीच्या मॉलिक्युलर विभागात माझं रोजचं काम हेच. दुसऱ्या टप्प्याचे रुग्ण हा आमचा खरा प्रश्न. गाठ काढलेली असते, लसिकाग्रंथी स्वच्छ असतात, तरी काहींचा आजार उलटतो. केमो कुणाला द्यायची आणि कुणाला उगीच त्रास द्यायचा नाही, हे ठरवायला हाताशी आणखी काही हवं. २००८ मध्ये अमेरिका आणि हाँगकाँगच्या रुग्णांवरच्या अभ्यासात गाठीत मिर-२१ हा मायक्रोआरएनए जास्त असलेल्यांचं आयुर्मान कमी दिसलं, तेव्हापासून या रेणूकडे सगळ्यांचं लक्ष आहे. तो जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे आरएनएच्या २२ कड्यांचा. फॉर्मॅलिनमध्ये लांब आरएनएचे तुकडे होतात, हा त्यातून बराचसा शाबूत राहतो.

किटमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मेण काढायचं द्रावण. झायलीनचा वास नाही, गोळी सुकवत बसणं नाही. ५६ अंशांवर मेण विरघळतं, बफर घालून फिरवलं की वर निळा थर आणि खाली नितळ द्रव. पिपेट निळ्यातून हळूच खाली न्यायची, झालं. मग प्रथिनं तोडणारं प्रोटीनेज के, आणि त्यानंतर ८० अंशांवर १५ मिनिटं, म्हणजे फॉर्मॅलिनने रेणूंमध्ये घातलेले बंध बरेच सुटतात. हीटिंग ब्लॉक एकच असेल तर तो ८० वर पोचेपर्यंत ट्यूब बाहेर ठेवा. पुढे इथेनॉल भरपूर घालायला सांगितलंय, त्यात काटकसर नको. ते कमी पडलं की छोटे आरएनए कॉलमला न चिकटता खाली वाहून जातात.

आता तक्रार. सोबत नॉर्मलायझर, म्हणजे तुलनेसाठी स्थिर धरायचा रेणू, म्हणून यू६ या छोट्या आरएनएची चाचणी दिलीय. गाठीत आणि शेजारच्या निरोगी ऊतीत यू६ सारखा राहीलच याचा भरवसा नाही, आणि तोच हलला तर मिर-२१ चा आकडा त्याच्याबरोबर हलतो. सीटीत (पीसीआरमध्ये रेणू दिसायला लागलेल्या फेऱ्यांच्या आकड्यात) एकाचा फरक म्हणजे जवळपास दुप्पट प्रमाण. एवढ्यावर एखादा रुग्ण ‘जास्त धोका’ या गटात जाऊन बसतो, म्हणून मला हे चालवून घेता येत नाही. आतड्याच्या ऊतीसाठी मिर-१६ आणि मिर-३४५ ही जोडी स्थिर असल्याचं २०१० मध्येच छापून आलंय. आम्ही तीच वापरतो.

आणखी एक, यात किटचा दोष नाही. आतड्याच्या गाठीत मिर-२१ मुख्यतः कॅन्सरपेशींच्या भोवतालच्या स्ट्रोमात, म्हणजे आधार देणाऱ्या ऊतीत, तिथल्या फायब्रोब्लास्ट पेशींमध्ये दिसतो. सेक्शन सरसकट खरवडला तर आकडा कॅन्सरपेशींचा की स्ट्रोमाचा, कळणार नाही. शेजारच्या सेक्शनच्या एच अँड ई (नेहमीच्या रंगाने रंगवलेल्या) स्लाइडवर पॅथॉलॉजिस्टकडून खूण करून घ्या आणि तेवढाच भाग खरवडा.

रक्ताला नको म्हणते त्याचं कारण साधं आहे. ऊतीत भरवशाचा असलेला मिर-१६ तांबड्या पेशींमध्ये ठासून भरलेला असतो. नमुना काढताना थोड्या पेशी जरी फुटल्या तरी प्लाझ्मातला हिशेब कोलमडतो. पेशी फुटल्यात का हे कळायला मिर-४५१ए (तांबड्या पेशींत भरपूर असलेला) आणि मिर-२३ए (त्या फुटल्या तरी फारसा न बदलणारा) यांच्या सीटीतला फरक तपासावा लागतो, शिवाय नमुना विरघळवल्यावर (लायसिसनंतर) तुलनेसाठी बाहेरून घातलेला कृमीचा मिर-३९ हवा. किटमध्ये यातलं काहीच नाही, आणि पत्रकात हिमोलिसिसचा, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्याचा, साधा उल्लेखही नाही.

शेवटी कॉलममधून आरएनए काढताना पाणी कमी घ्या, जुन्या ब्लॉकमध्ये तो मुळातच थोडा असतो. २६०/२३० चं गुणोत्तर (प्रकाश शोषणावरून आरएनए किती शुद्ध ते सांगणारा आकडा) कमी आलं तर पुढच्या वेळी आरएनए काढायच्या आधी धुण्याचा बफर आणखी एकदा फिरवा. बहुतेक वेळा कारण असतं किटच्या बफरमधला मागे राहिलेला ग्वानिडिन क्षार. यू६ चं कंपनीला लेखी कळवलंय.