सोळा महिने, दोन गाड्या: एक देशी, एक विदेशी

घरात दोन गाड्या आहेत. देशी गाडीला साडेतीन वर्षं झाली. विदेशी कंपनीची येऊन 16 महिने आणि 21,000 किलोमीटर. दोन्ही मीच चालवतो.

विदेशीच्या प्रेमात पडलो ते दाराच्या आवाजामुळे. लावलं की एकच भरीव 'धप्'! देशीचं दार अजून दोनदा ओढावं लागतं. हायवेवर तर तुलनाच नको, विदेशीत मागच्या सीटवरची कुजबुजसुद्धा पुढे ऐकू येते.

पण भरवसा? सातव्या महिन्यात ट्रॅफिकमध्ये पाऊण तास चढावर सरपटत होतो आणि स्क्रीनवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना झळकली. ड्युअल-क्लच, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, तोही ड्राय. हा क्लच तेलात बुडालेला नसतो. मुंगीच्या पावलाने गाडी सरकली की नुसता घासत राहतो आणि तापतो. बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबलो. मागचे काय बोलले ते लिहीत नाही. सॉफ्टवेअर अपडेटनंतर त्रास निम्मा झालाय. पुढे रिव्हर्स सेन्सर गेला, त्या एवढ्याशा पार्टसाठी साडेतीन आठवडे वाट पाहिली.

देशीची कुरकुर किरकोळ, पण कायमची. टचस्क्रीन मनात येईल तेव्हा गोठते. डॅशबोर्डची खडखड वर्कशॉपला तीन खेपांत सापडली नाही. शेवटी ग्लोव्हबॉक्सच्या फटीत मीच पुठ्ठ्याची घडी खोचली, थांबली. रस्त्यात मात्र एकदाही उभं केलेलं नाही.

खरी गंमत कागद चाळताना झाली. देशीचा जो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी मित्रांसमोर मिरवतो, तो निघाला जपानच्या आयसिनचा! मग विदेशीचा चेसिस नंबर पाहिला. 17 अंक-अक्षरांच्या या नंबरात सुरुवातीला 'जे' असेल तर जपान, 'डब्ल्यू' असेल तर जर्मनी. माझ्या गाडीवर दोन्ही नाहीत, ती इथल्याच कारखान्यातली. हे काही नवीन नाही म्हणा. कॅलिफोर्नियात जनरल मोटर्स आणि टोयोटाने 1984 पासून एकत्र कारखाना चालवला. तिथून टोयोटाची कोरोला निघायची आणि जनरल मोटर्सच्याच शेव्हर्लेचं नाव लावलेली तिची जुळी बहीणही. इतकी वर्षं मी नक्की कोणाच्या बाजूने भांडत होतो, कोण जाणे.

लांबच्या प्रवासाला विदेशी काढतो. पहाटेचं विमान गाठायचं असेल तर हात आपोआप देशीच्या चावीकडे जातो. विदेशीची वाढीव वॉरंटी कालच घेतली.